द्राक्षं तुडवणारे पाय

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्राचीन रोममधली वाइन : कला, धर्म आणि रोजचं जगणं’. तिन्हींवर बोलणार आहेच. पण मला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, की रोमन वाइनचं चित्र समोर आलं की प्याला कोणाच्या हातात आहे हे सावकाश बघा; द्राक्षं कोणाच्या पायाखाली आहेत ते आधी बघा.

इटलीतल्या पॉम्पेई शहरातलं वेट्टींचं घर घ्या. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे घर दुरुस्तीसाठी अनेक वर्षं बंद होतं, 2023 मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडलं. मालक दोघे, ऑलस वेट्टियस कॉन्व्हिव्हा आणि ऑलस वेट्टियस रेस्टिट्यूटस. दोघेही बहुधा आधी गुलाम होते आणि सुटका झाल्यावर त्यांनी व्यापारात पैसा केला. त्यांच्या बैठकीच्या दालनात भिंतीवरून एक अरुंद काळी पट्टी फिरते आणि तिच्यावर पंख असलेली गुटगुटीत बाळं कामं करताहेत. कोणी सोनारकाम करतंय, कोणी अत्तर बनवतंय, कोणी कपडे धुतंय. एका जागी वाइनचा सौदा चाललाय. एक बाळ अ‍ॅम्फोरा, म्हणजे वाइनचा दोन कानांचा उंच कुंभ, तिरका करून ओततंय आणि गिऱ्हाईक झालेलं दुसरं बाळ चव घेऊन बघतंय. इतकं लोभस काम की बघणारा तिथून हलत नाही. पण कोणाच्याही कपाळावर घाम नाही, कोणाचीही पाठ वाकलेली नाही. आणि हे चित्र ज्यांनी काढून घेतलं, त्यांनी स्वतः बहुधा गुलामी भोगलेली होती. मला हे घर विसरता येत नाही ते याचसाठी.

आता कोल्युमेला काय सांगतो ते ऐका. त्याच पहिल्या शतकातला हा शेतीचा जाणकार. तो म्हणतो, द्राक्षमळ्यांची मशागत बहुतेक करून साखळदंड घातलेल्या गुलामांकडून होते. कारण काय, तर या कामाला तल्लख डोकं लागतं आणि बदमाश माणसाचं डोकं जास्त चालतं! इथे नाशिक-तासगावकडचं कोणी बसलं असेल तर त्यांना सांगायला नको, की छाटणीत कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे अडाण्याचं काम नाही. रोमन मालकालाही ते ठाऊक होतं. म्हणून हुशार माणूस मळ्यात घ्यायचा आणि पळू नये म्हणून त्याच्या पायात बेडी घालायची.

या माणसाला प्यायला काय मिळायचं? त्याचा हिशेब केटो या रोमन मुत्सद्द्याने लिहून ठेवलाय, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. हंगाम संपला की पहिले तीन महिने ‘लोरा’, म्हणजे पिळून झालेला चोथा पाण्यात भिजवून काढलेलं पेय. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण पाव लिटर वाइन, मग अर्धा लिटर, वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत पाऊण लिटरच्या आसपास. साखळदंडातल्या गुलामांना कामाच्या प्रमाणात जास्त द्यावी, वर्षाला माणशी दहा क्वाड्रंटल, म्हणजे सुमारे 260 लिटर, झाली तरी ती फार नव्हे, असं तो म्हणतो. यात मौजमजेचा संबंध नाही. गहू, मीठ, तेल यांच्याबरोबर मोजून दिला जाणारा हा शिधा होता.

आणि ती वाइन कसली? हिवाळ्यासाठी मजुरांच्या वाइनची कृतीच केटो देतो. द्राक्षाचा ताजा रस दहा माप, जहाल व्हिनेगर दोन माप, आटवलेला रस दोन माप आणि गोडं पाणी पन्नास माप! पाच दिवस रोज तीनदा काठीने ढवळायचं, मग त्यात जुनं समुद्राचं पाणी घालायचं. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत टिकते म्हणतो. त्यानंतर उरेल ते उत्तम व्हिनेगर. आपल्याकडचा दूधवालासुद्धा एवढा हात सैल सोडत नाही! (हशा)

पाण्यावरून आठवलं. पॉम्पेईतल्या एका गिऱ्हाइकाने भिंतीवर गुत्तेवाल्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. तुझ्या असल्या लबाड्या तुझ्यावरच उलटोत, आम्हाला पाणी विकतोस आणि निर्भेळ वाइन स्वतः ढोसतोस, असं तो लिहून गेलाय. दुसऱ्या एका गुत्त्याच्या भिंतीवर हेडोनी नावाच्या बाईचा दरफलक आहे. एका आसला, म्हणजे तांब्याच्या एका नाण्याला, साधी, दोन दिलेत तर बरी, चार दिलेत तर फालेर्नियन. फालेर्नियन म्हणजे कंपानियातली नावाजलेली वाइन. पुढे 301 साली सम्राट डायोक्लेशनने बाजारभाव बांधून दिले, त्यात फालेर्नियनचा भाव 30 दिनार आणि साध्या गावठीचा 8. सव्वादोनशे वर्षांनंतरही उतरंड जवळपास तीच.

आता माझी एक जुनी तक्रार. आपल्याच राज्यातल्या एका छोट्या संग्रहालयात अ‍ॅम्फोराचा कानासकट तुकडा ठेवलाय आणि खाली पाटी आहे, ‘रोमन राजेरजवाड्यांच्या विलासाचा अवशेष’. बस्स. मंडळी, तो कान राजाने कधीच धरला नव्हता. भरलेला कुंभ पन्नास किलोच्या घरात जायचा, तो हमाल उचलायचा. आतून डोळा घालून बघा, काळपट थर दिसेल. पाझर थांबावा म्हणून लावलेली ती पाइनची राळ. भारतात सापडलेल्या काही तुकड्यांच्या मातीत तर ज्वालामुखीची काळी, चमचमणारी रेती मिसळलेली दिसते, ती व्हेसुव्हियसच्या परिसरातली. भडोचच्या बंदरात इटलीच्या वाइनला जास्त पसंती होती, हे पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये, म्हणजे समुद्रव्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत, लिहिलेलं आहे, आणि त्यातच आपलं पैठण, तेर, कल्याणही येतं. आणखी एक सांगतो. पूर्वी रोमन ठरवलेले बरेच तुकडे पुढे मेसोपोटेमियाच्या कुंभांचे निघाले. त्यांना आतून डांबर असतं. म्हणजे राळ की डांबर हे बघितल्याशिवाय पाटी लिहायलाच नको. ती पाटी बदला असं मी पत्र लिहिलं, भेटून सांगितलं, अजून ती तशीच आहे. तेरच्या संग्रहालयात आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये जाऊन या. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती, आहे, पाव-अर्धा तास त्याच्यासमोर उभे राहा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. धर्माचं भराभर सांगतो.

रोमचा वाइनचा देव म्हटलं की सगळे बॅकसचं नाव घेतात. पण सरकारी पूजेत वाइन आधी ज्युपिटरची, म्हणजे रोमनांच्या मुख्य देवाची. 23 एप्रिल आणि 19 ऑगस्ट हे व्हिनालियाचे सण. द्राक्षांच्या हंगामाचा पहिला घड ज्युपिटरचा पुरोहित तोडायचा. बॅकसबद्दल मात्र सत्तेला धाक होता. इ.स.पू. 186 मध्ये सिनेटने त्याच्या गुप्त पूजांवर निर्बंध घातले. त्या हुकुमाचा काशाचा पत्रा दक्षिण इटलीत तिरिओलोला सापडला, आज तो व्हिएन्नात आहे. त्यात पिण्याबद्दल अवाक्षर नाही! पुरुष पुजारी नको, सामाईक पैसा नको, एकमेकांत शपथा नकोत, परवानगीशिवाय दोन पुरुष आणि तीन बायका यांहून जास्त जण जमायचे नाहीत. सिनेट नशेला घाबरलेली नव्हती, माणसं एकत्र येण्याला घाबरली होती.

पुढे हाच बॅकस घरोघरी भिंतीवर आला. पॉम्पेईतल्या ‘शतकोत्सवी घरा’तलं देवघराचं चित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे. बॅकसचं सगळं अंग द्राक्षांच्या घोसाचं, शेजारी डोंगर, बहुधा व्हेसुव्हियसच, आणि उतारावर वेलींच्या रांगा. त्या रांगांत माणूस एकही नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची समाधी रोममध्ये बांधली, सांता कोस्टान्झा. घराणं ख्रिस्ती, तरी छताच्या मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात, बैलगाड्यांतून द्राक्षं येताहेत आणि तुडवताहेत लहान मुलं. पुढे लोकांना ते बॅकसचंच देऊळ वाटायचं! देव बदलला, राजघराण्याचा धर्म बदलला, चित्रातले मजूर मात्र बाळंच राहिली.

अपवाद आहेत, ते सांगायलाच हवेत. फ्रान्समध्ये सेंट-रोमां-आं-गालला सापडलेल्या शेतीच्या मोझेकमध्ये द्राक्षं तुडवताहेत ती मोठी, खरीखुरी माणसं. त्याचा फोटो आणलाय. दिवे घालवा, तो पडद्यावर दाखवतो आणि मग तुमचे प्रश्न घेतो.