अपिलात जज काय वाचतात?

नमस्कार मंडळी. आज अपिलाबद्दल बोलूया. खालच्या कोर्टात दावा हरला की पक्षकार हमखास म्हणतात, जाऊ दे साहेब, वर सगळं दाखवू, घरात जुनी पावती आहे, शेजारी साक्ष द्यायला तयार आहे. आणि तिथंच घात होतो, कारण वर दावा नव्याने चालत नाही, वर जातं ते आर अँड पी, म्हणजे खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड. दावा, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, जबाब, उलटतपास, निशाणी म्हणजे कोर्टाचा नंबर पडलेले कागद, अर्ज आणि त्यांवरचे हुकूम, रोजनामा म्हणजे तारखेवार कामकाजाची नोंद. तुमच्या कपाटातलं काहीही त्यात नसतं.

आता निशाणीचं नीट ऐका, सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. कागदांच्या यादीला समजा निशाणी 3 पडली तर आतल्या कागदांवर 3/1, 3/2 असं लिहितात, आणि लोकांना वाटतं कागद पुराव्यात लागला. नाही हो! तो नुसता दाखल झालाय. समोरच्याने तो कबूल केला पाहिजे, नाहीतर साक्षीदारामार्फत शाबीत केला पाहिजे, मग त्याला स्वतःचा निशाणी नंबर मिळतो, आणि दाव्याचा नंबर, कागद कुणी हजर केला, कधी केला असा शेरा येऊन जजची सही होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 13 रूल 7 सरळ सांगतो की पुराव्यात न घेतलेला कागद रेकॉर्डचा भाग नाही.

ऑर्डर 41 रूल 27 मधे अपिलात नवीन पुराव्याला वाट आहे, पण ती अरुंद आहे. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीने नाकारला असेल, किंवा पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा तुम्हाला माहीत नव्हता वा मिळाला नाही, किंवा निकालासाठी कोर्टालाच तो हवा असेल तर. तेही कारण लिहून. वकिलाने लावायचं राहिलं, एवढ्यावर सहसा कुणी ऐकत नाही.

आणि कोर्टात तोंडी जे झालं त्याचं काय? 1982 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, महाराष्ट्र शासन विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक, माजी मुख्यमंत्री अंतुलेंवर खटला चालवायला लागणाऱ्या मंजुरीच्या वादातून निघालेला. हायकोर्टाच्या निकालात लिहिलं होतं की सरकारी वकिलांनी एक मुद्दा मान्य केला, सरकार वर जाऊन म्हणालं असं काही मान्य केलंच नव्हतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कोर्टात काय घडलं हे जजनी निकालात लिहिलं की ते अंतिम, वर येऊन अॅफिडेव्हिटने खोडता येणार नाही, चूक वाटत असेल तर आठवण ताजी आहे तोवर त्याच जजकडे जा. मला हे कडक वाटतं पण बरोबरही वाटतं, नाहीतर प्रत्येक अपिलात कोण काय बोललं यावरच भांडण होईल.

म्हणून मंडळी, पुरावा बंद व्हायच्या आधी वकिलांसोबत बसून आपल्या फाइलीतला एकेक कागद काढा आणि विचारा, याला निशाणी कुठली पडली? प्रश्न नाकारला गेला असेल तर हरकत जबाबात लिहिली गेली का, हेही बघा, आणि नसेल तर त्याच दिवशी अर्ज द्या.