पाणीवाली बाई

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत नळाला अजूनही चावी म्हणतात. पहाटे चारला कुणीतरी ओरडायचं, "चावी आली गं!" की आई पितळी घागर काखेला मारून निघायची. मागं आम्ही तिघी बहिणी, कळशी, बादली आणि डालड्याचा डबा. पंचगंगा पात्र सोडून वाहत असायची आणि चावीला करंगळीएवढी धार. रांगेत नंबर माणसाचा नसायचा, घागरीचा असायचा. ती कुणी सरकवली की अख्खी गल्ली जागी. मृणाल गोरे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या रांगेत. कुणीतरी आईला म्हणालं होतं, "तुम्ही आमच्या मृणाल गोरे!" आई लाजली होती.

मृणालताई माहेरच्या मोहिले, जन्म १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी राष्ट्र सेवा दलात रमली आणि वैद्यकीय शिक्षण सोडून पूर्णवेळ कामाला लागली. सेवा दलातल्याच केशव गोरे यांच्याशी लग्न केलं, तेही जात ओलांडून. १९५८ मध्ये केशवराव गेले. पदरात लहान मुलगी. ताई गोरेगावातच राहिल्या आणि १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या.

तिथं त्यांनी पाणी धरलं. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ मिळणार नाही, हा कागदावरचा नियम. अनधिकृत माणसाला तहान लागत नाही काय, हा ताईंचा सवाल. मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले आणि वस्त्यांत नळ आणले. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं. कुठल्या समारंभात मिळालेली पदवी नव्हे ती.

१९७२ ला त्या आमदार झाल्या. दुष्काळाचे दिवस, रॉकेल नाही, साखर नाही, तेलाचे भाव भडकलेले. अहिल्याताई रांगणेकरांसारख्या कम्युनिस्ट बाईबरोबर समाजवादी ताईंनी महागाईविरोधी समिती उभी केली. पुरुषांचे पक्ष एकमेकांचं तोंड बघत नव्हते, हे ध्यानात घ्या. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवल्या. एरवी मोर्चाचं नाव काढलं की सासूची परवानगी लागणाऱ्या बायका! पण हातात लाटणं असल्यावर सासू काय बोलणार? घरातलंच हत्यार ते.

आणीबाणीत ताई भूमिगत झाल्या, पुढं पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटं कोंडलं. १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इकडं इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. तेव्हाची घोषणा आमच्या पिढीला पाठ आहे: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!’ मोरारजींनी आरोग्य खातं देऊ केलं, ताईंनी नको म्हटलं. याबद्दल त्यांचं कौतुक करतात. मला मात्र वाटतं, घ्यायला हवं होतं. डॉक्टरकी अर्धी सोडलेल्या या बाईनं सरकारी दवाखान्यांचं काय केलं असतं, हे बघायचं राहून गेलं.

१९८५ ला त्या परत विधानसभेत आल्या. त्याच सभागृहात कोल्हापूरचे आमदार म्हणून आपले एन. डी. पाटील सर होते. मंत्र्यांनी दोघांना कसं तोंड दिलं असेल, देव जाणे! याच काळात ताईंनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, देशातला पहिला. दिल्लीला तो करायला १९९४ उजाडलं.

आता आपल्या घरचं सांगते. कायदा होऊन तेरा वर्षं झाली आणि २००१ ची जनगणना आली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली किती? ८३९. ऊस, दूध, सोनं, कशाला कमी नसलेला जिल्हा हा. शाहू महाराजांचं नाव सांगतो आपण. गर्भ तपासायचं मशीन आलं ते मोटार असलेल्या घरांनी आधी वापरलं. तिसरीही मुलगीच, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या बारशाला चुलते आले नव्हते. पण ती जन्मली तरी.

१७ जुलै २०१२ ला ताई गेल्या. दुसऱ्या दिवशी आईला मी पेपर वाचून दाखवला. तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिनं फोटोवरून बोट फिरवलं, म्हणाली, "पाणीवाली गेली की गं." तेवढ्यात मोरीतली चावी फुसफुसली, आणि आई भिंतीला धरत घागर लावायला उठली.