थोरला भाऊ अंगणातच

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या पुण्यातल्या गुरुवार पेठेतलं पंचहौद हे ख्रिस्ती मिशन तुम्हाला ठाऊक असेल. १८९० साली तिथे शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि समोर चहा आला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि एका कपापायी प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आधी प्रायश्चित्त, मग पंगत, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला.

ख्रिस्ती कथेत नेमका हाच क्रम उलटतो. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा घ्या. वाटणी उडवून झाली, डुकरांच्या शेंगांवर डोळा जाऊ लागला, तेव्हा तो घरी निघतो. काय बोलायचं ते आधीच घोकून ठेवतो: बाबा, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. घरचा कर्ता म्हातारा, भर रस्त्यात धावतोय! मुलगा घोकलेलं म्हणू लागतो, पण ‘गडी म्हणून ठेवा’ हे त्याच्या तोंडून निघतच नाही. तोवर बापाने झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात.

पुढच्या कादंबरीकारांनी या धावण्याचा पाठपुरावा केला. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही १८६२ सालची कादंबरी साने गुरुजींनी ‘दुःखी’ नावाने मराठीत आणली. भाकरी चोरल्यापायी एकोणीस वर्षं बंदिवासात काढलेला जाँ वालजाँ बिशपची चांदीची भांडी पळवतो. शिपाई पकडून आणतात, तर बिशप म्हणतो, मेणबत्तीच्या समया विसरलास की! इथे पाणावल्या डोळ्यांनी पुस्तक मिटू नका. क्षमा मिळाल्यावरही हाच माणूस एका पोराचं नाणं पायाखाली दाबून ठेवतो. ह्यूगो मोठा वाटतो तो मला इथे. आणि जाव्हेर? कायद्यावर जगलेला तो अंमलदार. वालजाँ त्याला जीवदान देतो, ते त्याला पेलवत नाही. तो सीन नदीत उडी घेतो.

दस्तयेव्हस्कीच्या ‘करामाझॉव्ह बंधू’ कादंबरीतला इव्हान करामाझॉव्ह तर देवालाच अडवतो. जमीनदाराने एका पोरावर कुत्री सोडली. इव्हान म्हणतो, आईने आपल्या दुःखापुरती क्षमा करावी, पोराच्या यातनांची क्षमा करायचा हक्क तिलाही नाही. या प्रश्नाला कादंबरीतही चोख उत्तर मिळत नाही, निदान मला तरी सापडलं नाही.

लूकच्या गोष्टीत एक थोरला भाऊही आहे. दिवसभर राबून शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत जात नाही. ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. ‘मला कधी एक करडूही दिलं नाहीत’ ही त्याची तक्रार, आणि ती खोटी नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, ‘हा तुझा भाऊ’ असं म्हणत त्याची समजूत काढतो. आत नाचगाणं चालू आहे. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

नमस्कार.