महापौरांचं बाळ

श्रोतेहो, नमस्कार.

ऑलिंपिक भरवून यजमान देशाच्या पदरात काय पडतं, असं विचारलं की संयोजकांचं उत्तर तयार असतं. पर्यटक येतील, रोजगार वाढेल, रस्ते होतील. हे ऐकलं की मला हटकून माँट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो आठवतात.

कॅनडातल्या या शहराकडे 1976 चं ऑलिंपिक होतं. खर्चाचं काय, म्हणून पत्रकारांनी छेडलं, तर महापौर म्हणाले, पुरुषाला मूल होईल तर ऑलिंपिकला तोटा होईल! झालं. पुढे कामगारांचे संप झाले, महागाई भडकली, मुदत गळ्याशी आली. 17 जुलैला उद्घाटन झालं, तेव्हा स्टेडियमचा तो प्रसिद्ध कलता मनोरा अर्धवटच उभा होता आणि छपराचा पत्ता नव्हता. एका व्यंगचित्रकारानं तर चक्क गरोदर महापौर काढले, घाईघाईनं डॉक्टरला फोन लावताना!

कर्ज किती झालं? सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर. फेडलं कोणी? क्विबेक प्रांतातल्या सिगारेट ओढणाऱ्यांनी, कारण तंबाखूवर खास कर बसवला होता. आणि फिटलं कधी? 2006 मध्ये. म्हणजे 30 वर्षांनी. पुन्हा सांगतो, सोहळा पंधरवड्याचा आणि हप्ते 30 वर्षांचे! छप्पर बसलं 1987 मध्ये, ते सारखं फाटायचं. बदलून नवं घातलं, तर 1999 मध्ये बर्फाच्या भारानं तेही फाटलं. बरं, घरच्या मैदानावर कॅनडाला सुवर्णपदकं किती? एकही नाही.

   

पर्यटकांचंही ऐका. लंडन ऑलिंपिकच्या वेळी, ऑगस्ट 2012 मध्ये, ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमीच होते. गर्दीच्या आणि वाढत्या दरांच्या धास्तीनं नेहमीचे लोक फिरकलेच नाहीत.

फायदा कुणाला झालाच नाही, असं नाही. लॉस एंजेलिसनं 1984 मध्ये 1932 च्याच ऑलिंपिकचं जुनं मैदान वापरलं आणि 20 कोटी डॉलरांहून जास्त शिल्लक टाकली. बार्सिलोनानं 1992 च्या निमित्तानं कारखान्यांनी अडवलेला समुद्रकिनारा मोकळा केला. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच, गरज आधी पाहिली, मैदान नंतर.

आता शहरांनाही हिशेब कळू लागलाय. 2024 च्या यजमानपदाच्या शर्यतीतून हॅम्बुर्ग, रोम, बुडापेस्ट एकेक करून बाहेर पडली. हॅम्बुर्गमध्ये तर नागरिकांनीच मतदान करून नकार कळवला. उरली दोन शहरं, पॅरिस आणि लॉस एंजेलिस. मग 2017 मध्ये ऑलिंपिक समितीनं 2024 पॅरिसला आणि 2028 लॉस एंजेलिसला, असं एकाच बैठकीत वाटून टाकलं.

नमस्कार.