केळीच्या ओळी आणि ब्लॉकची जाळी

(जळगावात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी केळी असणार. लागवडीआधी दोरी धरून पाच बाय पाच फुटांवर खुणा पाडल्या असतील. चौकोनी शेतात हे काम झटपट उरकतं. पण एका अंगाला नाला असला आणि कोपरा तिकोनी निघाला, की तिथे दोरी अडते. ओळी एक तर चिमटतात, नाहीतर तिरप्या होतात. संगणकावर पाण्याचा प्रवाह तपासायचा तर आधी त्या जागेचे बारीक तुकडे, म्हणजे सेल, पाडावे लागतात; सेलांच्या या जाळीला मेश म्हणतात. मोठे चौकोनी ब्लॉक मांडून प्रत्येकात ओळींनी सेल पाडले की ती ब्लॉक-स्ट्रक्चर्ड मेश. तिचा सगळा ताप अशाच कोपऱ्यात आहे.

ठिबकला खत सोडायचा व्हेंच्युरी घ्या. गोल पाइप, मधे बारीक गळा, बाजूला खत ओढणारी नळी. या गोलात एकच चौकोनी ब्लॉक कोंबला तर त्याचे चार कोपरे वर्तुळावर येऊन बसतात. ९० अंशांचा कोन तिथे १८० च्या जवळ जातो, सेल पार चपटा होतो, आणि तोही भिंतीपाशी, जिथे जाळी सगळ्यात चांगली हवी. एक विद्यार्थी दोन दिवस झगडून माझ्याकडे आला, ‘सर, हाऊ ब्लॉक बसत नही!’ बसणारच नव्हता. तिथे ओ-ग्रिड लागतो : मधे एक चौकोन, भोवती चार ब्लॉक. वाईट कोपरे भिंतीपासून आत सरकतात. मधल्या चौकोनाच्या बाजूही थोड्या फुगवा. त्याच्या कोपऱ्यावर तीन सेल भेटतात. बाजू फुगल्या की ९० चा कोन १२० कडे उघडतो आणि तिघांना सारखी जागा मिळते.

खरी अडचण त्या बाजूच्या नळीपाशी येते. ब्लॉकच्या समोरासमोरच्या कडांवर भाग सारखेच असावे लागतात, म्हणून ओळ मधेच थांबत नाही. नळीच्या तोंडाशी जाळी दाट केली की ती दाटी गळा ओलांडून समोरच्या भिंतीपर्यंत जाते. झोपडीजवळ केळी दाट लावायची म्हणून ओळी वाढवल्या, तर त्या पार दुसऱ्या बांधापर्यंत वाढतात, तसंच. सेल लाखांनी वाढतात आणि त्यातले निम्मे कुणाच्या कामाचे नसतात. नळीभोवती वेगळा ओ-ग्रिड गुंडाळला तर ही दाटी तिथल्या तिथे अडवता येते. नाहीतर नळी वेगळी मेश करून न जुळणाऱ्या इंटरफेसने, म्हणजे दोन्हीकडचे सेल समोरासमोर आले नाहीत तरी चालणाऱ्या सांध्याने, जोडा. मात्र तो सांधा गळ्यापासून लांब ठेवा. वेग जिथे झपाट्याने बदलतो तिथे तो नको. आणि नळी बंद ठेवून फक्त दाबाची घट बघायची असेल तर पूर्ण त्रिमितीचा हट्ट कशाला? गोल पाइप सगळीकडून सारखाच, एका सेलच्या जाडीची अरुंद पाचर पुरते.

आता माझी फजिती. ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाळी पाडायला ब्लॉकमेश असतं. त्यात ग्रेडिंगला, म्हणजे सेल किती मोठे होत जावेत त्या आकड्याला, १.२ लिहिलं आणि समजलो, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा १.२ पट होणार. तो आकडा असतो शेवटच्या सेलचं पहिल्या सेलशी गुणोत्तर. वीस सेल असतील आणि दर सेलला १.२ पट वाढ हवी असेल, तर लिहायचं १.२ चा १९ वा घात, म्हणजे साधारण ३२. माझी जाळी जवळपास एकसारखीच राहिली, भिंतीलगतचा पाण्याचा मंद थर सापडलाच नाही. रात्रभर मशीन चालली, सकाळी आलेले आकडे बघून मी आधी टर्ब्युलन्स मॉडेलला, म्हणजे खळबळत्या प्रवाहाच्या सूत्रांना, शिव्या घातल्या.

म्हणून माउसला हात लावायच्या आधी कागदावर ब्लॉक काढा, आणि खोडरबर जवळ ठेवा. तिकोनी तुकडा आला तर मधे एक बिंदू घेऊन त्याचे तीन चौकोन करा.

ब्लॉकचा नाद कुठे सोडून द्यायचा, असं मघाशी कुणीतरी विचारलं. ड्रिपरच्या आतली नागमोडी वाट बघा : तोच दात पुन्हा पुन्हा येतो. एका दाताचे ब्लॉक नीट बसवले की पुढचे नकलेने होतात. तिथे ब्लॉकच हवेत. पण पंपाच्या व्होल्यूटची, म्हणजे गोगलगायीसारख्या कवचाची, जीभ, किंवा उंचसखल ओतीव भाग, यांच्यावर मी एक दिवस देतो. संध्याकाळपर्यंत कागदावरची रचना जुळली नाही, तर तेवढा भाग पॉलिहेड्रलला, म्हणजे अनेक पैलूंच्या सेलांच्या आपोआप पडणाऱ्या जाळीला, देतो आणि आत-बाहेरचे सरळ पाइप ब्लॉकमध्ये ठेवतो.