बेलीफ आप्पा

श्रोतेहो, नमस्कार. बेलीफ, म्हणजे कोर्टाचं समन्स नि जप्ती घेऊन दारात येणारा माणूस, गेला म्हणून गाव हळहळल्याचं कधी ऐकलंय तुम्ही? समन्सवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की लोक दार लावून घेतात आणि पोराला पढवतात, "बाबा शेतात गेले म्हण." आमच्या बोरीकाठच्या कोर्टातले आप्पा मात्र नुकतेच वारले, आणि उत्तरकार्याला अशीही माणसं आली ज्यांच्या घरी आप्पांनीच जप्ती नेली होती. मी त्याच कोर्टात वकिली करतो.

आप्पा दयाळू होते, असं सगळे म्हणतात. माझ्या मते ते काटेकोर होते आणि त्यांची दया त्या काटेकोरपणातूनच यायची. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक सोय आहे. प्रतिवादी सापडलाच नाही किंवा कागद घेईना, तर समन्सची प्रत दारावर चिकटवायची आणि कोर्टाला तसा अहवाल द्यायचा. आळशी माणसाला ही सोय फार सोयीची. स्टँडवर चहा पीत "घर बंद, दारावर चिकटविले" असं लिहिणारे मी पाहिलेत. मग त्या बिचाऱ्याला दाव्याचा पत्ताच नसतो, हुकूमनामा एकतर्फी होतो, आणि कळतं तेव्हा जप्ती दारात. आप्पा पुन्हा जायचे, तरी भेट झाली नाही तर परत जायचे. कापूस वेचणीत दुपारी घरी कोण असणार, म्हणून दिवस वर यायच्या आत गावात हजर. एखादी म्हातारी कागद बघून थरथरली की म्हणायचे, "माय, हाऊ कागद शे, वाघ नही." मग खाटेवर टेकून तो वाचून दाखवायचे. तारीख दोनदा सांगायचे. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज कर, हेही सांगायचे.

एका दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जात, मी वादीतर्फे त्यांच्यासोबत गेलो होतो. शेतकऱ्याचं घर, अंगणात बैलजोडी. आमचे पक्षकार तावातावाने म्हणाले, "आधी बैल लिहा." आप्पांनी वरही पाहिलं नाही. "शेतकऱ्याचे बैल, औत, बियाणं लिहिता येत नाही. कलम 60. स्वयंपाकाची भांडी नाही, अंथरूण-पांघरूण नाही." घरातल्या बाईचा हात गळ्याशी गेला होता. आप्पा तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "मंगळसूत्रालाही हात लागत नाही, ताई. जरा पाणी द्या बरं." मी वकील, आणि कलम पाठ कुणाला, तर बेलीफाला! मग जे घेता येत होतं ते त्यांनी घेतलंच. मोटारसायकल. पंचनाम्यात मात्र बारीक अक्षरात लिहिलं, डावा आरसा तडकलेला, सीट दोन जागी फाटलेली. "उद्या गाडी सुटली तर भांडण नको."

वादी मंडळी कधी संध्याकाळी टेम्पो घेऊन उगवायची. सूर्यास्तानंतर जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही, कलम 62. आप्पा सरळ गावच्या पारावर जाऊन बसायचे. "सकाळी बघू." कुणी आग्रह केलाच तर त्याच घरची भाकरी नको म्हणायचे. नियम म्हणून नाही, संकोच म्हणून. खाण्याचे शौकीन मात्र पक्के. भरीत आणि कळण्याची भाकरी आवडायचीच, पण खरा जीव खानदेशी फौजदारी डाळीवर. "नोकरी सगळी दिवाणीत गेली, फौजदारी काय ती ताटात," असं म्हणून पातेलं पुढे ओढायचे.

निवृत्तीच्या सुमारास बेलीफांच्या हाती मोबाइल आला. समन्स कुठे बजावलं ते जागेसकट त्यात नोंदवायचं. आम्हाला वाटलं, आप्पा कुरकुरतील. ते खूश! "आता स्टँडवर बसून घर बंद लिहिता येणार नाही."

उत्तरकार्याला तो मोटारसायकलवाला भेटला. मी थोडा चाचरतच नमस्कार केला, कारण दरखास्त माझीच होती. तो म्हणाला, "पैसे भरले तेव्हा गाडी सोडवायचा अर्ज कुठे द्यायचा ते आप्पांनीच सांगितलं. किती दिवस पडून होती, बॅटरी पार उतरलेली. कोर्टाच्या फाटकापासून म्हाताऱ्याने मागून ढकलत नेली, आणि सुरू झाल्यावर मलाच ओरडला, तो आरसा बदलून घे आधी."