नफा सोडून बोला

श्रोतेहो, नमस्कार. सप्टेंबर म्हणजे गावोगावच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. तीस तारखेच्या आत सभा उरकायची असते. दूध संस्थेची सभा तुम्ही पाहिली असेलच. सचिव अहवाल वाचतात: निव्वळ नफा इतका, लाभांश इतका, ऑडिट वर्ग ‘अ’. मागून ‘मंजूर, मंजूर’ येतं आणि सगळे चहाकडे वळतात.

पण दूध संस्थेचा नफा मोठा फसवा. रोज ५०० लिटर दूध गोळा होत असेल आणि उत्पादकाला लिटरमागे एक रुपया कमी दिला, तर वर्षाला १ लाख ८२ हजार ५०० रुपये नफा आपोआप वाढतो. कुणाच्या खिशातून? ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांच्याच! दिवाळीला फरक बिल, म्हणजे वर्षभर कमी दिलेले पैसे, हातात पडलं तर ठीक, नाहीतर गेलेच.

१९९२ साली कॅप्लन आणि नॉर्टन या दोन अमेरिकनांनी कंपन्यांना सांगितलं, की ताळेबंद झालं-गेलं तेवढंच सांगतो. त्याच्या शेजारी गिऱ्हाईक, आतलं कामकाज आणि नवं शिकणं यांचेही आकडे मांडा. ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ असं भारदस्त नाव दिलं त्याला. आपल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत मात्र असा एक आकडा कधीचा आहे.

परीक्षानळीत दहा मिलिलिटर दूध घेतात, त्यात मेथिलीन ब्लूचं एक मिलिलिटर द्रावण. नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायची आणि घड्याळ बघत बसायचं. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात पांढरं पडलं तर कामातून गेलं. कॅन नीट धुतले का, टेम्पो वेळेवर आला का, दूध थंड व्हायला किती उशीर झाला, सगळं त्या नळीत दिसतं. ऑडिटरच्या वहीत ते कुठून येणार?

आमच्याकडच्या एका सभेत एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “नफा ऱ्हाऊ द्या सायेब. उन्हाळ्यात किती कॅन नासले म्हणून परत आले? आन् दहा दिवसांचं बिल किती येळा लांबलं?”

सचिवांनी अहवाल पुढून मागे, मागून पुढे चाळला. मग शिपायाला म्हणाले, “कपाटातलं आवक रजिस्टर आण रे.”